गळ्याजवळचा पोचा

मी तांब्या बोलतोय. आहे पितळेचा, पण म्हणायचं तांब्याच. यावर हसून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, पुढं हसण्यासारखं फारसं नाही. सध्या मुक्काम आळेफाट्याला, एस.टी. स्टँडासमोरच्या हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. खिडकीत ठेवलंय मला. अंगावर इतकी चकाकी आहे की खालच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा माझ्या पोटात दिसतो. वय ऐंशीच्या घरात. या वयाला ही चकाकी शोभत नाही, मला कळतं. पण तिचीच तर गोष्ट आहे.

जन्म माझा तांबटाच्या हातोडीखालचा. पत्र्याचा गोल तुकडा होतो, ठोकून ठोकून पोट आलं, गळा आला, काठ आला. माझ्याबरोबर आणखी बरेच भाऊबंद घडले, सगळे एका मापाचे. कारण आमची मागणी एकाच घरची होती. मंचरला झुंबरलाल शेटजींचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. शेटजी मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या इथलं पाणी प्यालेले. मराठी अशी बोलायचे की नवखा माणूस फसावा. त्यांची एक रीत होती. कायमच्या गिऱ्हाइकाकडं लग्न निघालं की दुकानाकडून आहेराला एक तांब्या जायचा. म्हणून लगीनसराईच्या आधी डझनावारी तांबे घडवून घ्यायचे आणि प्रत्येकाच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायचे, ‘झुंबरलाल, मंचर’.

आता हे एवढं ध्यानात ठेवा. आमच्याकडं भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. घेणाऱ्याचं नसतं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मी गेलो कळंबला, गेणू आणि ठकूबाईच्या लग्नात. साल पंचेचाळीस. गेणू म्हणजे अंगानं दांडगा, बोलायला कमी, हाताचे अंगठे मात्र आखूड आणि रुंद. त्याची आई त्यावरून चिडवायची, म्हणायची, देवाला पितळ कमी पडलं ह्याच्या वेळी. ठकूबाई अगदीच कोवळी. नवी नवरी, त्यात सासू कडक. लग्नाला महिना झाला नसेल, घोडनदीवर पाणी भरताना मी तिच्या हातातून निसटलो आणि पायरीवर आपटलो. गळ्याजवळ चांगला पोचा आला. पोरगी घाबरून तिथंच बसली. आहेराचं नवं भांडं, सासू काय म्हणेल.

गेणू शेतातून येत होता. त्यानं मला उचललं, फिरवून पाहिलं, आणि पोच्यात अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला.

“हे बघ,” तो म्हणाला, “आता हातातनं निसटायचा न्हाई. ब्येस झालं.”

घरी जाऊन आईला सांगितलं, माझ्याच हातनं पडला. आईनं तोंड सोडलं, त्यानं ऐकून घेतलं. पुढं तांबट गावात आला तेव्हा आई म्हणाली, पोचा काढून घे. गेणू म्हणाला, “ऱ्हाऊ दे. माझ्या धरायची खूण हाये ती.” तेव्हापासून त्या घरात मला कुणीही उचलो, अंगठा त्याच जागी जायचा. मला तो पोचा कधी लागला नाही, खोटं कशाला बोलू. उलट बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि गेणू मुंबईला निघाला. तेव्हा जुन्नर-आंबेगावातली कितीतरी माणसं मुंबईला हमालीला जायची. ठकूबाईला दिवस गेले होते. तिनं भाकऱ्यांच्या फडक्यासोबत मला त्याच्या हातात दिलं. म्हणाली, “तिकडं कशातबी पाणी पिऊ नगा. ह्यात प्या.” एवढंच बोलली. खूप काही बोलायचं असतं तेव्हा ही माणसं असलंच काहीतरी बोलतात.

मुंबईत बंदराच्या मागं आपल्याकडच्या बावीस जणांत एक खोली होती. पाळीपाळीनं झोपायचं, पाळीपाळीनं रांधायचं. माझ्यातनं सगळेच प्यायचे, पण माझी जागा गेणूच्या उशाशी.

मग फेब्रुवारी आला. आरमारातल्या आपल्या खलाशांनी गोऱ्या साहेबाविरुद्ध बंड पुकारलं. जहाजांवरचे झेंडे उतरवले, काम बंद. त्यांच्यासाठी मुंबई बंद झाली, गिरण्या थांबल्या, गोद्या थांबल्या. गेणू काही भाषण करणारा गडी नव्हता. त्याला एवढंच कळलं की पोरं उपाशी आहेत. खोलीवरच्यांनी रात्रीचं पीठ सकाळीच मळलं, भाकऱ्यांची चळत बांधली आणि बंदराच्या भिंतीशी नेऊन दिली. मीही गेलो होतो. एका खलाशानं माझ्यातनं पाणी प्यायलं आणि गेणूला विचारलं, गाव कुठलं? गेणू म्हणाला, कळंब. त्या खलाशाला कळंब कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, तरी त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लष्कर उतरलं. गोळीबार सुरू झाला. आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी होतो. समोर रस्त्यात एक माणूस पडला, म्हातारा होता, आणि पाणी पाणी करू लागला. लोक गेणूला मागं ओढत होते. तो म्हणाला, “पाणीच मागतोय वं तो.” मला भरलेलं धरून तो वाकत वाकत गेला. अंगठा पोच्यात होता. म्हाताऱ्याच्या तोंडाला मी लागलो, दोन घोट गेले असतील, आणि गेणू माझ्यावर पडला. मी त्याच्या हातातनं सुटलो आणि गटाराच्या कडेला घरंगळत गेलो. निसटायचा नाही म्हणाला होता. मी निसटलो. ऐंशी वर्षं झाली, ही गोष्ट मी स्वतःला माफ केलेली नाही.

माणसं मोटारीतनं नेली. वस्तू रस्त्यावर राहिल्या. नंतर काही स्वयंसेवकांनी त्या गोळा करून एका शाळेच्या मोठ्या वर्गात मांडल्या. टोप्या, डबे, छत्र्या, एक चष्मा, कितीतरी चपला. आठ दिवस माणसं येत होती आणि वस्तू ओळखत होती. एका बाईनं एकच चप्पल उचलली, पदरात गुंडाळली आणि दुसरी शोधतसुद्धा बसली नाही. एक बाप रोज यायचा, सगळ्या टोप्या उलट्या करून आतलं तेल हुंगायचा आणि परत जायचा. माझ्याकडं कुणी आलं नाही. खोलीवरची माणसं पोलिसांच्या भीतीनं पांगली होती, आणि कळंबला तर काही कळलंच नव्हतं.

शेवटी एका स्वयंसेवकानं माझ्या पोटावरचं नाव वाचलं. तो दुसऱ्या मुलखातला, त्याला आपल्याकडची रीत ठाऊक नसावी. त्यानं वहीत मेलेल्यांच्या नावांत लिहून टाकलं, ‘झुंबरलाल, मंचर’. आणि पुण्यावरून नाशिककडं जाणाऱ्या एका मोटारवाल्याबरोबर मला धाडून दिलं, सोबत चिठ्ठी.

मोटारवाला मंचरला दुकानापुढं उतरला, टोपी काढली आणि गादीवर बसलेल्या शेटजींनाच म्हणाला, “झुंबरलाल वारले. त्यांची ही वस्तू.” शेटजी हातातला गूळ तसाच धरून बसले. आतनं मोहनबाई, म्हणजे शेटाणी, धावत आल्या. नवरा समोर बसलेला दिसत असतानाही त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग शेटजींनी मला हातात घेतलं, नाव वाचलं आणि पांढरे पडले. त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी दिलेल्या तांब्यांपैकी एका तांब्याचा धनी मेला होता. पण कुणाचा तांब्या? पाच-सहा वर्षांत शंभराच्या वर घरांत आहेर गेलेला. त्या साली मुंबईला जाऊन न परतलेली माणसंही एक नव्हे, चार-पाच होती.

विचारलं असतं तर कळलं असतं. बाजाराच्या दिवशी मला दुकानाच्या फळीवर नुसतं ठेवलं असतं तरी कुणीतरी ओळखलं असतं. पण त्याच आठवड्यात पोलीस आला आणि मुंबईच्या दंग्यात इकडचं कोण कोण होतं ते विचारून गेला. शेटजी भ्याले. मला फडक्यात बांधून ट्रंकेत टाकलं, मोहनबाईंना म्हणाले, शब्द काढू नका. माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता.

मग देश स्वतंत्र झाला, भीती गेली, पण तोवर लाज आली. दीड वर्ष तांब्या दडवून ठेवला होता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या वर्षी आणखी अवघड झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून.

ठकूबाई त्याच दुकानात यायची. कडेवर पोर असायची, साळू. खोलीवरच्या कुणीतरी पुढं कधीतरी येऊन सांगितलं होतं, गेणू गेला, सरकारनंच जाळला म्हणून. देह नाही, कपडा नाही, काही नाही. ट्रंक दुकानामागच्या खोलीत होती, मला तिचा आवाज ऐकू यायचा. एकदा ती शेटजींना म्हणाली, “शेटजी, तुमच्या आहेराचा तांब्या गेला बगा मुंबईला त्यांच्यासंगं. न्हाईतर तेवढीच एक वस्तू व्हती.” शेटजींनी पोरीच्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवला. ती गेल्यावर आत येऊन ट्रंकेपाशी बराच वेळ उभे राहिले. मी मनातनं ओरडत होतो, द्या की. दिलं नाही. आता त्यांना कळलं होतं, कुणाचा तांब्या ते. पण त्यांनी ते मोहनबाईंनाही सांगितलं नाही. ऐंशीव्या वर्षी झोपेत गेले, सोबत ते घेऊनच गेले.

मोहनबाईंनी जाताना सुनेला एवढंच सांगितलं, तो तांब्या वापरू नका, विकू नका, कुणा माणसाचा आहे. त्या सुनेनं तिच्या सुनेला सांगितलं. घर मंचर सोडून आळेफाट्याला आलं, किराण्याचं हार्डवेअर झालं, ट्रंकेच्या जागी लोखंडी कपाट आलं. दुकान आता अरिहंत बघतो, शेटजींचा पणतू. राखी त्याची बायको. मी तिच्याकडं असा आलो, काळा पडलेला, फडक्यात बांधलेला, आणि मागं फक्त एक वाक्य.

आता साळूचं ऐका. तिला बोरी बुद्रुकला दिली. आज ती साळुबाई, एकोणऐंशी वर्षांची, गुडघे गेलेली. जन्मभर माहेरी जाता-येता तिनं एस.टी. बदलली ती इथंच, या खिडकीखाली. तिची आई ठकूबाई दरवर्षी भादव्यात गेणूचं पित्र घालायची. ताट वाढायची आणि ताटाच्या डाव्या अंगाला तांब्याएवढी जागा रिकामी सोडायची. दुसरा तांब्या ठेवू द्यायची नाही. म्हणायची, त्यांना दुसऱ्या कशातनं पाणी प्यायची सवय न्हाई. मरताना तिनं साळूला दोन गोष्टी दिल्या. एक ती रिकामी जागा, आणि एक खूण. “गळ्यापाशी पोचा हाये. अंगठा ठिवून बग. बसला तर तुज्या बापाचा.”

या वर्षी साळुबाईच्या नातीनं, आरतीनं, मोबाइलवर एक यादी पाहिली. मुंबईतली काही मंडळी त्या बंडात मेलेल्यांची नावं गोळा करताहेत. घरच्यांनी पुढं यावं, कुणाची काही वस्तू असली तर कळवावं, असं होतं. यादीत गेणू नव्हता. ‘झुंबरलाल, मंचर’ होता. आरती या दुकानातनं ठिबकचे पाइप नेलेली पोरगी, दुकानाच्या पाटीवरचं अरिहंतच्या पणजोबांचं नाव तेच, हे तिनं ओळखलं आणि सरळ फोन लावला. अरिहंत हसला, म्हणाला, अहो, आमचे पणजोबा घरी झोपेत गेले, ऐंशीव्या वर्षी. राखी शेजारीच होती. ती हसली नाही. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, “ताई, आमच्याकडे एक तांब्या आहे.”

पित्राला पाच दिवस होते. साळुबाईनं आरतीला बजावून ठेवलं, पोच्याचं फोनवर बोलू नको. आधी सांगितलं की कुणीपण तसा पोचा पाडून दाखवील. जन्मभर फसलेलं माणूस असंच वागतं, तिला नावं ठेवू नका.

आणि राखीला तरी कशी नावं ठेवू? पोर जीव लावून कामाला लागली. कुणाच्या तरी बापाची वस्तू, काळीकुट्ट, पोचलेली, तशीच कशी द्यायची? आमच्याकडं पोचलेलं भांडं कुणाच्या हाती देत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून तांबटाकडं घेऊन गेली. म्हणाली, “नव्यासारखा करून द्या. घाई आहे.”

मी त्या ऐरणीवर किती विनवलं ते मलाच माहीत. तांबटानं आतनं लोखंड घातलं, बाहेरनं लाकडी हातोडीचे चार ठोके दिले. चार. गेणूचा अंगठा चार ठोक्यांत गेला. मग मशिनवर धरून असं घासलं की नावाचे ठिपकेसुद्धा पुसट झाले.

साळुबाई आली ती दुपारी, आरतीचा हात धरून, जिना बसत बसत चढत. नवं लुगडं नेसली होती. राखीनं मला भरून ठेवलं होतं, रिकामं भांडं देऊ नये म्हणून, शेजारी पाटावर झेंडूची दोन फुलं. साळुबाईनं मला बघितलं आणि जरा थबकली. मग उचललं.

तिचा अंगठा आखूड आणि रुंद होता. मी एका क्षणात ओळखला. ऐंशी वर्षांनी तोच हात परत आला असं मला वाटलं. अंगठा माझ्या गळ्यावरून फिरला. एकदा पुरा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून सावकाश फिरवला. सगळीकडं गुळगुळीत. कुठं म्हणून थांबायला जागा नव्हती.

“ह्यो न्हाई,” साळुबाई म्हणाली.

“आजी, नीट बघ,” आरती म्हणाली.

“बगितलं. माज्या बापाच्या तांब्याला पोचा व्हता. गळ्यापाशी.”

राखीच्या हातातली ताटली कलती झाली. “आजी,” ती म्हणाली, “पोचा होता. मीच काढून घेतला. तीन दिवसांपूर्वी. मला वाटलं, तुम्हाला चांगला करून द्यावा.”

साळुबाईनं मला तिच्यापुढं धरलं. “कुटं व्हता पोचा?”

राखी खरं बोलणारी पोर. तिनं आठवायचा प्रयत्न केला. “गळ्याकडे होता बहुतेक. का पोटावर... काळा पडला होता ना खूप. मी नीट पाहिलंच नाही.” तिनं तांबटाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, रोज पन्नास भांडी येत्यात. कुटलं कुटं पोचलं व्हतं, काय सांगू राव.”

राखीचे डोळे भरले. साळुबाईनंच तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पोरी, तुजं मन लई मोठं हाये. मला बरं वाटावं म्हून बोलतीयस, कळतं मला.”

“नाही हो आजी, खरंच होता.”

“आसंलबी. पर त्या साली चारपाच बाप्ये गेलं मुंबईला नि आलं न्हाईत. तुज्या सासऱ्याच्या आज्यानं समद्यांस्नी असलंच तांबे दिलेलं. ह्यो त्यातल्या कुणाचाबी आसंल. त्याचीबी कुनी लेक आसंल, माज्यावानी वाट बगत. दुसरीचा बाप उचलून मी माज्या ताटापाशी कसा बसवू?”

याला उत्तर होतं, पण ते माझ्यापाशी. मी साळूच्या हातात होतो आणि तिला सगळं सांगत होतो, नदीची पायरी, खोली, तो म्हातारा, दोन घोट. पितळाचा आवाज ठोकल्याशिवाय निघत नाही.

उन्हातनं आली होती, जिना चढून घसा कोरडा पडला होता. तिनं मला वर धरलं आणि वरूनच पाणी प्यायली. घटाघटा प्यायली, अर्धा तांब्या रिकामा केला. तोंड पुसलं.

“पाणी ग्वाड हाये गं,” ती म्हणाली, आणि मला पाटावर ठेवलं. अगदी हळू, आवाज होऊ न देता ठेवलं. मग अडीचची गाडी गाठायला उतरली. मी खिडकीतनं बघत होतो. गाडीत चढताना तिनं दांडी धरली, तेव्हाही अंगठा काहीतरी चाचपत होता.

पित्राचा दिवस परवा झाला. बोरीला ताट वाढलं असेल, डावीकडची जागा रिकामी राहिली असेल. राखीनं मला परत कपाटात टाकलं नाही. रोज भरून खिडकीत ठेवते, आणि एकटी असली की माझ्या गळ्यावर अंगठा दाबून बघते. चारदा फोन केला तिनं आरतीला. आरती म्हणते, आजी ऐकत नाही. पितळ असं दाबून दबत नाही, राखी. दबलं तरी तो तुझ्या अंगठ्याचा पोचा होईल, गेणूचा नाही.

माझं आता काही व्हायचं नाही. तुम्हाला मात्र एक मागणं आहे. घरात कुठं पोचलेली वाटी, ठेचलेला डबा, काठ वाकलेला पेला असेल, तर तांबटाकडं नेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात एकदा द्या. बोट कुठं थांबतं ते बघा. थांबलं तर राहू द्या तो पोचा.

आणि बोरी बुद्रुकला कधी गेलात तर साळुबाईला सांगा. तिचा अंगठा तिच्या बापासारखाच आहे, आखूड आणि रुंद. तिनं त्या दुपारी पाणी प्यायलं ते बापाच्याच तांब्यातनं.

माझ्यावर विश्वास ठेवायची नाही ती. तरी सांगा.